ताटात उरलेलं

दाढ दुखत होती म्हणून गेले होते. ऑगस्ट २०२३, राखीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. दातांचे डॉक्टर म्हणाले, दाढ काढावीच लागेल, पण आधी शुगर तपासून या. मी म्हटलं, मला शुगर नाही. त्यांनी विचारलं, शेवटची कधी तपासली होती? मला आठवेना. मग आठवलं, धाकटीच्या वेळी सातव्या महिन्यात तपासली होती आणि थोडी वाढलेली निघाली होती. बाळंतपण झालं की उतरेल म्हणाले होते, उतरलीही. त्यानंतर सतरा वर्षांत ना मला कुणी पुन्हा तपासायला सांगितलं, ना माझ्या डोक्यात आलं. गरोदरपणात शुगर वाढलेल्या बाईला पुढे डायबेटिस होण्याचा धोका बराच जास्त असतो, तिनं नियमानं तपासत राहायचं असतं, हे मला त्या ऑगस्टमध्ये कळलं. माझ्या वयाच्या किती जणींना हे माहीत असेल, देव जाणे.

रिपोर्ट आला तेव्हा मी पतसंस्थेत काउंटरवर होते. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर दोन तासांनी २७१, एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८.६. उपाशीपोटी १२६ आणि वर किंवा एचबीएवनसी ६.५ आणि वर म्हणजे डायबेटिस, इतकं मला बाबांमुळे पाठ होतं. समोर म्हातारे खातेदार पासबुक घेऊन उभे होते. त्यांची एन्ट्री करून दिली, आणि मग आत जाऊन बसले.

बाबांना वीस वर्षं शुगर होती. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या माहेरच्या घरात त्या ड्रेसिंगचा जो वास भरून राहायचा, तो त्या दिवशी पतसंस्थेच्या पॅन्ट्रीत उभ्या उभ्या माझ्या नाकात आला. आई रोज संध्याकाळी परातीत कोमट पाणी घेऊन त्यांचे पाय धुवायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची. मी तेव्हा कॉलेजात होते. बाजूला बसून अभ्यास करायची.

आमच्या गोपालनगरच्या फॅमिली डॉक्टरांनी एका फिजिशियनकडे पाठवलं. वय ४६, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७१.४ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० च्या आत हवी म्हणाले. डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रोटीन, किडनी, कोलेस्टेरॉल, पायांची संवेदना, सगळं तपासायला सांगितलं. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली. एक प्रश्न मला नवीन होता. "घरात कुणाला सिकलसेल आहे का?" सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार, आपल्या विदर्भात बराच आहे. तो असला, किंवा हिमोग्लोबिन कमी असलं, तर एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो. कारण ती तपासणी लाल पेशींना चिकटलेल्या साखरेची असते, आणि पेशीचं आयुष्यच बदललं की हिशेब बदलतो. माझं हिमोग्लोबिन ठीक होतं. म्हणजे ८.६ खरेच होते.

दोन औषधं एकत्र असलेली गोळी दिली, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. आणि डायटचा छापील कागद देण्याऐवजी एक काम दिलं. "सात दिवस वहीत लिहा. ताटात काय घेतलं ते लिहू नका, तोंडात काय गेलं ते लिहा."

मी लिहायला बसले आणि पहिल्याच दिवशी पेन थांबलं. सकाळी मुलाच्या डब्यातली उरलेली अर्धी पोळी. चव बघायला दोनदा वरण. दुपारी डब्यात दोन पोळ्या, भाजी, भात. चारला कुणाच्या तरी वाढदिवसाचा आलुबोंडा. रात्री माझं जेवण, ते झाल्यावर धाकटीनं सोडलेला भात, आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेली दोन डाव भाजी, कारण एवढ्याशासाठी फ्रिजमध्ये वाटी कुठे ठेवायची. सासूबाईंच्या देवाचा नैवेद्य. चहा चार कप, कपाला दोन चमचे साखर. आठ चमचे म्हणजे चाळीस ग्रॅम धरले तरी महिन्याला एक किलो दोनशे ग्रॅम साखर मी एकटी चहातून पीत होते. मला तर वाटायचं मी गोड खातच नाही.

सात दिवसांची वही बघितली तर रोजच्या खाण्यातला चौथा हिस्सा तरी असा होता जो मी भूक लागली म्हणून खाल्लाच नव्हता. तो उरला होता म्हणून खाल्ला होता. अन्न टाकू नये, हे माझ्या आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. ते चुकीचं आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण आमच्या घरात पाच माणसं जेवतात आणि पाच जणांचं उरलेलं एकाच माणसाच्या पोटात जात होतं. हे कुणी मला सांगितलं नव्हतं. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, माझ्यासुद्धा.

म्हणून बदल सुरू झाला तो स्वयंपाकाच्या मापापासून. काय खायचं हे त्यानंतर आलं. भाजीचा छोटा काटा आणला. माझ्या एका पोळीचा गोळा सत्तर ग्रॅमचा निघाला, आमच्याकडे पोळी मोठी आणि घडीची, आत तेल लावलेली. तो चाळीस ग्रॅमवर आणला. लहान मुलीला भातुकलीत लाटून देतात तेवढी ती पोळी दिसायची, पहिले आठ दिवस ताटाकडे बघवत नव्हतं. भातासाठी एक स्टीलची वाटी ठरवली, तीच, बदलायची नाही. कणीक मोजून भिजवायची, भात मोजून लावायचा. उरलंच तर झाकणाच्या डब्यात. सकाळी त्याचा फोडणीचा भात ज्याला हवा तो खाईल.

जेवणाचा क्रम बदलला. आधी काकडी, मुळा, भेदरं (टोमॅटो), सांबार (कोथिंबीर) घातलेली कोशिंबीर. मग भाजी आणि वाटीभर घट्ट वरण किंवा मोडाची मटकी, दही. पोळी शेवटाकडे. भाजी आणि डाळ आधी पोटात गेली की पीठ-भातातली साखर रक्तात हळू उतरते. मला त्याचा दुसराच फायदा झाला. पोळीपर्यंत पोचेस्तोवर निम्मी भूक भागलेली असायची.

घरी शुगर तपासायचं मशीन घेतलं ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, पण माझा खरा मास्तर तेच झालं. पट्ट्या स्वस्त नसतात, म्हणून रोज न टोचता मी जोडीनं टोचायचे, जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा. आणि एका वेळी एकाच पदार्थाची परीक्षा. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या आत ठेवायचा होता. रविवारी बर्डीवरून आणलेले तर्री पोहे, एक प्लेट: ११८ वरून २२१. ते आकडे बघून मला रडू आलं, कारण लग्नाआधीपासूनचा रविवार म्हणजे तर्री पोहे. एकादशीला साबुदाण्याची उसळ: २३८. उपासाच्या दिवशी आपण काहीच खाल्लं नाही असं मी समजायचे.

ज्वारीचं मात्र सांगायलाच हवं, कारण या बाबतीत सगळेच मला एक सांगत होते आणि मशीन दुसरंच. गहू बंद कर, ज्वारी कितीही खा. मी दोन मोठ्या भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली, १९६ आले. दुसऱ्या दिवशी एकच भाकर, सोबत बेसन आणि कांदा-मुळा, १४६. भाकरीनं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, ती मला मानवली, पण तीही धान्यच आहे. "डायबेटिसचं पीठ" म्हणून विकतात ते एक पाकीटही आणलं होतं. मागचं बारीक वाचलं तर पहिला घटक गहू. परत आणलं नाही. आणि नागपूरकरांसाठी एक चांगली बातमी, सोलून खाल्लेल्या एका संत्र्यानं माझी शुगर तीसेकनं वाढली आणि उतरली. रस मात्र सोडला, कारण एका ग्लासात तीन-चार संत्री जातात आणि चोथा मागे राहतो. हे सगळे आकडे माझ्या शरीराचे. तुमचे वेगळे येतील, म्हणूनच स्वतः टोचून बघावं असं मला मनापासून वाटतं.

तीन आठवडे झाले आणि घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आल्या. विदर्भातल्या महालक्ष्म्या म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको: सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरण, वडे, आणि चाळीस माणसांची पंगत. मी स्वयंपाक केला, चव सासूबाईंनी बघितली. आयुष्यात पहिल्यांदा मी चव न बघता पुरण शिजवलं. संध्याकाळी माझं पान आलं तेव्हा अर्धी पुरणपोळी घेतली. आमच्या एक मावशी म्हणाल्या, "अवं, देवीचा प्रसाद आहे, त्यानं काही होत नाही." मी नमस्कार केला आणि पुढे काही बोलले नाही. बाबाही प्रसादच खायचे.

त्याच रात्री आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. आम्ही जरा उंचावर, आमचं काही गेलं नाही. लोकांचे संसार चिखलात गेले होते, माझ्या फिरण्याचं काय घेऊन बसायचं. पण अंबाझरीच्या बाजूला सकाळी चालायची जी नुकती सवय लागत होती ती तुटली. मग गच्चीवर चालायला लागले, जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं, दोन्ही वेळा. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, ते मशीनवर दिसायचं. तेच जेवण, पण नंतर बसून राहिले तर आणि चालले तर, वीस-पंचवीसचा फरक. सकाळच्या पाऊण तासापेक्षा ही पंधरा मिनिटं मला जास्त उपयोगी पडली. मे महिन्यात ४५ डिग्रीतही चुकली नाहीत, रात्री दहाला गच्ची तापलेली असली तरी.

आता जे सांगणार आहे ते गोळी घेणाऱ्या प्रत्येकानं नीट वाचावं.

नवरात्रात अष्टमीचा उपास होता. उसळीचा धसका घेतला होता, म्हणून सकाळी नुसती काकडी आणि दही खाल्लं. आणि गोळी घेतली, रोजच्यासारखी. बाराच्या सुमाराला बर्डीच्या मेन रोडवर धाकटीसाठी दुपट्टा बघत होते. एकाएकी हातपाय थरथरायला लागले. ऑक्टोबरचं ऊन होतं, पण हा घाम वेगळा होता, गार, मानेवरून वाहणारा. ओठ बधिर झाले. दुकानदार भाव सांगत होता तो ऐकू येत होता आणि कळत नव्हता. धाकटीनं माझ्या पर्समधून मशीन काढलं, तिथेच टोचलं. ५८. शेजारी रसवंती होती. तिनं माझ्या हातात उसाच्या रसाचा ग्लास दिला आणि म्हणाली, "आई, पी. विचार करू नको, पी." सव्वा महिन्यात मी गोडाचा घोट घेतला नव्हता. तो ग्लास संपवला, बाकड्यावर बसले, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, ९२.

दुपारी डॉक्टरांना फोन केला. ते रागावले, आणि बरोबर रागावले. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा. खाणं कमी केलं, वजन उतरायला लागलं, की तो डोस जास्त होतो. खाणं बदलताना मी त्यांना आकडे कळवायला हवे होते, मी पुढच्या तारखेची वाट बघत बसले. ती गोळी त्यांनी बंद केली, नुसतं मेटफॉर्मिन ठेवलं. त्यानं एकट्यानं सहसा असं होत नाही. तेव्हापासून पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असते.

सल्ले खूप आले. कारलं, मेथी, जांभळाच्या बियांची पूड. शेजारचे काका दोनदाच जेवायचं म्हणून मागे लागले होते. तो विचार मूळ आपल्या काटोलच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो महाराष्ट्रभर पोचवला. काकांना त्याचा फायदा झालेला मी डोळ्यांनी बघितला. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ती पहिली गोळी चालू असताना इतका मोठा खंड धोक्याचा होता, आता जमत असेल तर करा. मी दोन जेवणं आणि चारला मूठभर भाजलेले फुटाणे किंवा ताक यावर स्थिरावले. चार वाजता पोटात काही नसलं की रात्री माझा हात सुटतो, हे मला वहीनं दाखवलं होतं.

डिसेंबरात वजन ६६.८, एचबीएवनसी ६.८. मधल्या काळात दाढही निघाली, जखम आठ दिवसांत भरली, आणि त्या जखमेकडे मी रोज आरशात बघायचे. मग गाडं अडलं. संक्रांत, हळदीकुंकू, दोन लग्नं. जानेवारी-फेब्रुवारी पूर्ण गेले आणि काटा ६६ वरून हलेना. खाणं तेच, चालणं तेच. त्या दिवसांत सोडून द्यावंसं फार वाटलं.

मोठा मुलगा फार्मसीला आहे. त्यानं मला इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर आणि ग्लासगोचे प्रा. माइक लीन यांनी तो केला, २०१७ मध्ये निकाल आले. डायबेटिस होऊन सहा वर्षं झाली नाहीत अशा माणसांना काही महिने अगदी कमी कॅलरीचा आहार दिला. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होती, आणि ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्क्यांची. लिव्हरमधली आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली की इन्सुलिन पुन्हा काम करायला लागतं, असं टेलर यांचं सांगणं. मुलगा म्हणाला, "तिथली माणसं शंभर किलोची होती, आई. तुझ्यासाठी दहा-अकरा किलो म्हणजे तेवढंच." मला कुणीतरी वाट दाखवल्यासारखं झालं. तोवर मी शुगर "कंट्रोल" करत होते, बाबांसारखी. ती मागे फिरू शकते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तो अगदी कमी कॅलरीचा आहार डॉक्टरांनी मला नाही दिला. त्यांनी तेल मोजायला लावलं. पाच माणसांना महिन्याला सहा लिटर फल्लीतेल लागत होतं, ते साडेतीनवर आलं, तर्री गेली. डाळ, दही, पनीर वाढवलं, आणि खुर्चीला धरून उठाबशा सुरू झाल्या, नाहीतर चरबीबरोबर मांसही उतरतं म्हणाले. मार्चमध्ये काटा हलला. एचबीएवनसी ६.२. एप्रिलमध्ये ६३ किलो.

याच काळात घरात खटके उडायला लागले. गाल बसले होते, ब्लाउज सैल झाले होते. येणारा प्रत्येक पाहुणा सासूबाईंना विचारायचा, सूनबाईला काय झालं. त्यांना वाटायचं लोक आपल्याला बोल लावतात. एका रात्री मी उरलेली भाजी डब्यात भरत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढीशीच तर आहे. खाऊन घे ना वं. काहून अशी करून राहिली तू? जीव घेशील स्वतःचा." मी ओट्यापाशीच उभी राहून त्यांना बाबांच्या बोटांचं सांगितलं. वीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, शुगर असलेल्या घरची मुलगी म्हणून कमीपणा वाटायचा. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चहात साखर नव्हती आणि तो त्यांनी केला होता.

जूनमध्ये एचबीएवनसी ५.८ आली आणि मेटफॉर्मिन बंद झालं, डॉक्टरांनी केलं, मी नाही. जुलैत वजन ६०.८, कंबर ८४. गोळी थांबल्यावर तीन महिने ६.५ च्या खाली राहिलं तर त्याला रेमिशन म्हणतात. सप्टेंबर २०२४ मध्ये, महालक्ष्म्यांच्या दोन दिवस आधी, रिपोर्ट आला, ६.०. डॉक्टर म्हणाले, "दबून आहे. वजन चढलं की परत येईल. डोळे आणि लघवी दरवर्षी तपासायचीच." पुढची तारीख डिसेंबरची दिली.

या वेळच्या पंगतीला डबे आधीच काढून ठेवले होते. माझं पान मी स्वतः वाढून घेतलं: कोशिंबीर, पाच-सहा भाज्या, आंबील, वरण, आणि एक लहान पुरणपोळी, वर चमचाभर तूप. सावकाश खाल्ली. मग हळदीकुंकवाचं बोलावणं करायला दोन गल्ल्या चालत गेले. दोन तासांनी १६४.

रात्री भांडी आवरताना पुरणाच्या पातेल्याला कडेनं बरंच लागलेलं होतं. सासूबाईंनी सवयीनं उलथन्यानं ते निपटलं, वाटीत जमवलं, माझ्याकडे बघितलं. मग फ्रिज उघडला, वाटीवर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "उद्या पोट्टी खाईल."